रुमालात बांधलेली टेकडी

माझ्या थोरल्या नणंदबाई बोलायला लागल्या की रायपूरच्या चौबे कॉलोनीतली कुत्री भुंकायची थांबतात, असं लग्नानंतर मी माहेरी सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, नवी सून आहे, सासरचं वाढवून सांगते आहे. मग एकदा त्या माझ्या माहेरी, नागपूरला आल्या. अंगणात उभं राहून त्यांनी "कोणी आहे का घरात?" एवढंच विचारलं, आणि शेजारच्या दोन घरांतली माणसं "आहोत, आहोत" म्हणत बाहेर आली. त्यानंतर माझ्या माहेरी माझ्या कुठल्याच गोष्टीवर कुणी शंका घेतली नाही.

ताई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. रायपुरातल्या निम्म्या बायकांना त्यांनी कधी ना कधी उन्हात उभं केलेलं आहे, आणि त्या बायका अजूनही ताई दिसल्या की नकळत पोट आत घेतात. निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी गेली नाही. भाजीवाल्याच्या गाडीभोवती गर्दी झाली की ताई तिची रांग करतात. पुरानी बस्तीतल्या एका लग्नात वरात अडून बसली होती. बँडवाले थकले, नवरदेव घोड्यावर पेंगायला लागला, पण नाचणारे काही हलेनात. ताईंनी एक शिट्टी मारली. आधी घोडा चालायला लागला, मग वरात, आणि शेवटी नवरदेवाला जाग आली. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणतात, "वेळच कुठं भेटला? रोज सकाळी प्रार्थना असे." एकूण काय, शिस्त, आवाज आणि उघडं मैदान हेच ज्यांचं आयुष्य, अशी ही बाई. एका झुडपाच्या पायी ती घरात पाय न वाजवता चालायला शिकली, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मलाही खरं वाटलं नसतं.

झुडूप म्हणजे आपली धायटी. आमच्याकडे तिला धवई म्हणतात. खडकाळ उतारावर, जिथे दुसरं काही उगवायला तयार नसतं तिथे ही उगवते. एरवी कुणाचं लक्ष जाणार नाही असं काटकुळं झाड, पण होळीच्या सुमाराला वाकलेल्या फांद्यांवर लालभडक नळकांड्यांसारखी फुलं अशी दाटीने येतात की पान शोधावं लागतं. फुलाच्या बुडाशी मधाचा थेंब असतो. शाळेच्या सहलीत पोरी ती फुलं तोडून चोखायच्या, आणि ताई शिट्टी मारून त्यांना ओरडायच्या, आणि पोरी पुढे गेल्या की स्वतः चोखायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं. निवृत्तीनंतर त्यांना वाटलं, अंगणात एक धवई असावी. नर्सरीत गेल्या तर तो माणूस म्हणाला, "वो तो जंगल का है बहनजी. उसको खरीदेगा कौन?"

त्या दिवशी ताई ज्या चालीने घरी आल्या, ती चाल मी फक्त आंतरशालेय स्पर्धेत त्यांची शाळा हरल्यावर पाहिली होती.

"ऐकलंस शुभा? म्हणते कसा, जंगलचं आहे! कुठच्या कुठच्या देशातून आलेले फुलं त्याच्याजवळ धा रंगांत भेटते, अन् इथल्या मातीतलं पोरगं विचारलं तर म्हणे जंगलचं. काहून, जंगलचं म्हणजे काय बिनानावाचं आहे?"

मग शोध सुरू झाला. लहानपणी जिथे जिथे धवई पाहिल्याचं त्यांना आठवत होतं, तिथे तिथे आम्ही दोघी स्कूटरवरून गेलो. कुठे कॉलोनी झाली होती, कुठे रस्ता, कुठे नुसतंच कुंपण. शेवटी एका विद्यार्थिनीच्या गृहप्रवेशाहून परत येताना, उरला नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांमागे, ताईंनी असा काही ब्रेक मारला की माझं नाक त्यांच्या पाठीवर आपटलं. समोर एक बुटकी टेकडी होती. सगळ्या बाजूंनी ट्रक, लोखंडाची धूळ, रोलिंग मिलची धुरकट आभाळं, आणि त्या टेकडीच्या उतारावर लाल धवई. धुळीने पानं तपकिरी झाली होती, पण फुलं मात्र आपली लालच.

आमच्या गल्लीतल्या एका हौशी बागवाल्यांनी सल्ला दिला, चार फांद्या तोडून आणा आणि कलमं लावा, लवकर काम होईल. ताई म्हणाल्या, "कलम म्हणजे एकच पोट्टी धा वेळा रांगेत उभी करायची. हजेरी भरते हो, पण पोट्टी तीच! एक रोग आला का सगळ्या संगंच आजारी. मले बीपासून पायजेत, हरेक वेगळी." त्यांना वनस्पतिशास्त्रातलं काही ठाऊक नव्हतं, पण एका वर्गात साठ वेगवेगळ्या पोरी सांभाळल्याचा अनुभव होता.

फुलं गळली, बोंडं धरली, आणि एके सकाळी टेकडीच्या पायथ्याशी जेसीबी येऊन उभा राहिला. ठेकेदाराचा सुपरवायझर म्हणाला, "मैडम, यहाँ गोदाम बनेगा. परसों से मशीन लगेगी."

"परसों नहीं लगेगी," ताई म्हणाल्या. "बीज कच्चा है."

रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकाकडे डॉक्टर बघतात तसं त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बॅगेत काहीतरी शोधायला लागले.

"ससुराल कहाँ है तुम्हारी?" ताईंनी त्याला विचारलं.

"पुरानी बस्ती."

"बीवी को फोन लगाओ."

त्याने फोन लावला; का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या आवाजाने सांगितलं की माणूस करतो. ताई फोनवर नुसतं "कौन बोल रही है?" म्हणाल्या आणि पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती बाई उठून उभी राहिली होती. "बहनजी? हव बहनजी! प्रणाम बहनजी!" मग नवऱ्याला म्हणाली, "सुनो, जो बोल रही हैं, चुपचाप कर दो. और शर्ट अंदर करो." त्याने एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने शर्ट आत खोचला. ठरलं ते असं, की काम दुसऱ्या टोकापासून सुरू करायचं आणि बी पिकेपर्यंत टेकडीला हात लावायचा नाही. ताईंनीही शब्द दिला, "बीज पकते ही मैं खुद बोलूँगी, चलाओ."

धायटीची बोंडं एवढीशी, आणि बी त्याहून एवढंसं. तपकिरी धूळच म्हणा. बोंड फुटलं की वाऱ्याबरोबर गेलं. म्हणून ताईंनी ह्यांच्या कपाटातले सगळे जुने, धुऊन धुऊन पातळ झालेले रुमाल काढले आणि टेकडीवर जाऊन बोंडं धरलेल्या फांद्यांना एकेक बांधून टाकला. हे पंधरवडाभर टॉवेल घेऊन ऑफिसला गेले. ताई रोज सकाळी बोरे-बासीचा डबा आणि छत्री घेऊन टेकडीवर पहाऱ्याला बसायच्या. उन्हाळ्यात इकडे रात्रीचा भात पाण्यात भिजवून खातात, तो हा बासी. उन्हात त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

आणि मग जे झालं ते आमच्या कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. शिफ्ट सुटली की मिलमधली माणसं टेकडीखालून जायची. वर झुडपांना बांधलेले पांढरे रुमाल, शेजारी छत्रीखाली ताठ बसलेली एक पिकल्या केसांची बाई. कुणी काय समजायचं? पहिल्यांदा एका बाईने लाल धागा आणून बांधला. मग एक नारळ आला. मग उदबत्ती. एका दगडाला कुणीतरी शेंदूर फासला. आठवड्याच्या आत ती जागा "धवई दाई", म्हणजे धवई आई, झाली होती, आणि जेसीबीच्या ड्रायव्हरने चपला काढून, हात जोडून सांगितलं की काम सुटलं तरी चालेल, पण दाईच्या टेकडीवर मशीन घालणार नाही.

मला तर आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. मी ताईंच्या कानाशी लागले. "ताई, आता तुम्ही काही बोलू नका. नुसतं बसून राहा. टेकडी वाचली."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या शेंदूर फासलेल्या दगडाशेजारच्या दगडावर चढल्या, आणि उरल्यातल्या सगळ्या मिलच्या घरघरीवर चढेल अशा आवाजात म्हणाल्या, "सब लोग सुनो! यहाँ कोई देवी-वेवी नहीं है! ये मेरे भाई के रुमाल हैं!"

नारळ घेऊन आलेल्या एका म्हातारीने विचारलं, "त रोज काबर आथस, दाई?" मग रोज कशाला येतेस, असं.

"बीजा बर," ताई म्हणाल्या. बियांसाठी.

म्हातारीने थोडा विचार केला आणि नारळ तिथेच फोडून सगळ्यांना वाटला. आणला होता, तो परत कसा न्यायचा?

बोंडं पिकली. आम्ही दोघींनी फांद्या कापून रुमालांसकट पुरचुंड्या केल्या. शेवटची पुरचुंडी माझ्या पदरात टाकून ताई खाली उतरल्या, सुपरवायझरसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चलाओ." तोच बिचारा अडखळला. म्हणाला, "बहनजी, दो-चार दिन और रहने दूँ?" ताईंनी मान हलवली. मशीन टेकडीवर चढलं. झुडपं मुळांसकट उलथून पडत होती आणि ताई प्रार्थनेला उभ्या राहायच्या तशा, हात सरळ खाली ताणून, उभ्या होत्या. शेवटचं झुडूप पडेपर्यंत हलल्या नाहीत.

परत येताना मला राहवलं नाही. "एक शब्द बोलला नसतात तर वाचली असती."

"यंदा वाचली असती," स्कूटर चालवता चालवता ताई म्हणाल्या. "पण मी त्याले शब्द दिला होता ना. आज खोटं बोलून टेकडी वाचवली, तर उद्या माझं खरं कोण ऐकून घेईन?" आणि मग थोड्या वेळाने, "तू पुरचुंड्या घट्ट धर. हवा लागून राहिली."

मी त्या पोटाशी धरल्या. माझ्या मांडीवर एक अख्खी टेकडी होती.

आता बी घरी आलं, आणि घरात नौतपा, मेअखेरचे ते नऊ भाजून काढणारे दिवस, सुरू झाला. ज्यांनी रायपूरचा मे महिना पाहिलेला नाही त्यांना नौतप्यात पंखा बंद ठेवणं म्हणजे काय हे मी समजावून सांगू शकत नाही. आमच्या बैठकीच्या खोलीच्या खिडक्या घट्ट लागतात म्हणून ताईंनी तीच निवडली. जमिनीवर वर्तमानपत्रं, त्यांवर उघडलेले रुमाल, बाजूला चाळलेल्या मातीच्या पसरट कुंड्या. पंखा बंद, कूलर बंद, शिंकायचं असेल तर अंगणात जायचं. आणि बी उडू नये म्हणून ताई स्वतः कुजबुजायला लागल्या. इतकी वर्षं त्यांचा आवाज ऐकून वैतागलेले हे, दर दहा मिनिटांनी "ताई, बरी आहेस ना?" विचारायला लागले.

त्यातच आमच्या लेकीला, मुग्धाला, बघायला बिलासपूरची मंडळी आली. यायची होती संध्याकाळी, दुसऱ्या खोलीत बसवायचं ठरलं होतं. आली भर दुपारी, आणि तडक बैठकीत. मुलगा, आई आणि वडील. वडील चांगले भरदार. आलुगुंड्यांची, म्हणजे बटाटेवड्यांची, बशी हातात घेऊन ते घामाने निथळत बसले होते.

"लाइट गेली का?" त्यांनी विचारलं.

"नाही, लाइट आहे," हे म्हणाले.

"मग पंखा बिघडला?"

"नाही, पंखाही चांगला आहे."

त्यांनी एकदा पंख्याकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे. मुग्धाने माझ्या कानात म्हटलं, "मम्मी, ये लोग भाग जाएँगे." तेवढ्यात ते गृहस्थ उठले आणि "मग लावू या की!" म्हणत त्यांनी स्वतःच बटण दाबलं. ताई दारात आल्या होत्या. त्या ओरडल्या, "बंद करा!" पण सवयीने कुजबुजतच ओरडल्या. कुणालाच ऐकू गेलं नाही. रुमालांवरून तपकिरी धूर उठला आणि खोलीभर पसरला.

मग शिट्टी वाजली.

बंद खोलीत ती शिट्टी कशी वाजली हे लिहून कळायचं नाही. मुलगा सावधान स्थितीत उभा राहिला. त्याच्या वडिलांनी बशी डोक्यावर धरली, का ते त्यांनाच ठाऊक. मी पंखा बंद केला. "कोणी हलायचं नाही," ताई म्हणाल्या, "अन् कपडे झटकायचे नाही." मग एकेकाला चादरीवर उभं करून, वर्गातल्या पोरींची नखं तपासावीत तशा त्यांनी सगळ्यांचे कपडे त्या चादरीवर हळूच झाडून घेतले. मुलाच्या आईने भीत भीत विचारलं, "हे काय आहे हो?"

"धवईचं बी."

"धवई?" त्या बाईंचा चेहराच बदलला. "माझे वडील जंगलखात्यात होते. आम्ही बहिणी फुलं चोखत फिरायचो तिची. कित्येक वर्षांत पाहिली नाही." आणि पुढच्या क्षणी त्या पदर खोचून जमिनीवर बसल्या. त्या, मुग्धा आणि ताई, तिघींनी मऊ कुंचल्याने सोफ्याखालची, कोपऱ्यांतली, खिडकीच्या खाचेतली सगळी धूळ गोळा केली. सोयरीक जुळली. मुलाचे वडील पुढे सगळ्यांना सांगायचे, "पंखा मीच लावला होता. नाही कसं म्हणणार?"

ती धूळ ताईंनी जशीच्या तशी पेरली. वर माती टाकली नाही, कारण एवढंसं बी मातीखाली गेलं की वर येत नाही. वरून पाणी घातलं नाही, कुंड्या पाण्याच्या परातीत ठेवल्या, म्हणजे खालून ओल चढते. बरेच दिवस काही दिसेना. ताईंचं जेवण कमी झालं. रोज पहाटे भिंग घेऊन त्या कुंड्यांवर ओणव्या व्हायच्या. आणि एका सकाळी त्यांनी मला दंडाला धरून नेलं. कुंडीकडे बोट दाखवलं. मातीवर शेवाळ धरावं तशी हिरवी छटा होती. भिंगातून पाहिलं तर दोन दोन पानांची रोपं. आमच्या बैठकीच्या खोलीतली धूळ ती. तिच्यात एक टोमॅटो उगवला, थोडं गवतही उगवलं, पण बाकी सगळी धवई.

पुढे पुष्कळ मेली. ओल जास्त झाली की एका रात्रीत माना टाकायची. उरलेली ताईंनी काडीने उचलून पिशव्यांत लावली, आणि जरा अंग धरल्यावर त्यांची कवायत सुरू केली: आज सकाळचं कोवळं ऊन, उद्या त्याहून थोडं जास्त, मग वाऱ्यात, मग पाण्याची ओढ. "लाड केले तर मैदानात उभ्या राहतीन काय?" असं त्या म्हणायच्या, पण जास्त ऊन झालं तर स्वतःची छत्री त्यांच्यावर धरून उभ्या राहायच्या.

रोपं मागायला लोक यायला लागले. ताई परीक्षा घ्यायच्या. एक गृहस्थ अगदी उत्साहाने म्हणाले, "बहनजी, मैं रोज सुबह-शाम पानी दूँगा." ताईंनी त्यांना चहा पाजला आणि रोप न देता परत पाठवलं. जी म्हणाली, "घरामागे नुसता मुरूम आहे, तिथे काहीच जगत नाही," तिला दोन मिळाली. बाकीची ताईंच्या जुन्या विद्यार्थिनींनी शाळांमागच्या उतारांवर, रस्त्याकडेच्या खडकांवर आणि गावाबाहेरच्या एका तळ्याच्या मुरमाड काठावर लावली. त्या दिवशी तळ्यावर पन्नाशीतल्या बायका चिखलात रांगेने उभ्या होत्या. तिघी आज्या होत्या, एक मोठी डॉक्टरीण होती, आणि त्या सुपरवायझरची बायकोही होती, नवऱ्याला घेऊन. खड्डे खणायचं काम तिने त्यालाच दिलं होतं.

यंदा तळ्याकाठची धवई पहिल्यांदा फुलली. ताईंचे गुडघे आता स्कूटरचं नाव काढू देत नाहीत, म्हणून ह्यांनी आम्हाला गाडीने नेलं. सकाळची वेळ होती. सगळा उतार लाल झाला होता आणि बोटाएवढे शिंजीर पक्षी फांदीला उलटे लटकून फुलांत चोची घालत होते. ताई काठी टेकत एका दगडावर बसल्या. बराच वेळ त्या एकाच झुडपाकडे पाहत होत्या. ते त्यांना ओळखू येत होतं की काय कोण जाणे.

फिरायला आलेले एक गृहस्थ थांबले. नव्या कॉलोनीतले असावेत. आमच्याकडे पाहून कौतुकाने म्हणाले, "सुंदर है ना? जंगली पौधा है. कोई लगाता नहीं, अपने आप उगता है."

टेकडी, रुमाल, खोलीतली धूळ, सगळं त्यांना सांगायला मी तोंड उघडलं. ताईंनी माझा हात दाबला.

"हव," त्या म्हणाल्या. "अपने आप उगता है."

गृहस्थ पुढे निघून गेले. ताईंनी माझा हात सोडला नाही. "ऐकलंस?" त्या हळूच म्हणाल्या, "आपलं आपण उगवते म्हणे." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चेहऱ्यावर मात्र शाळा स्पर्धा जिंकून आल्यासारखं काही होतं; मी शेजारच्या दगडावर टेकले. ऊन चढेपर्यंत आम्ही दोघी तिथे बसलो होतो.